आबांच्या बुलेटचं टायमिंग

२०११ च्या दिवाळीत बाबांच्या उजव्या घोट्याचं हाड मोडलं. अपघात वगैरे काही झाला नव्हता. अडाजणच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते आबांची बुलेट सुरू करत होते. किक खाली गेली आणि तितक्याच जोरात उलटी वर आली. दीड महिना प्लास्टर आणि आईचा एकच निकाल: ही गाडी एकतर घरातून जाईल, नाहीतर आहे तशी उभी राहील. विकायला कोणाचं मन होईना, म्हणून गाडी उभी राहिली. आधी ताडपत्रीखाली, मग ताडपत्रीवर भाच्यांच्या सायकली आणि सायकलींवर जुने आकाशकंदील.

गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक आलं. जुन्या गाड्या जमवणारे गृहस्थ होते, रक्कमही बरी सांगत होते. बाबा जवळजवळ हो म्हणाले होते. त्याच संध्याकाळी माझी भाची घरी आली होती. ती इथेच एसव्हीएनआयटीत मेकॅनिकलला आहे. तिनं ताडपत्री वर केली, दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, किक उलटी का मारली हे कोणी शोधलंच नाही ना? मला एक रविवार दे."

आईनं परवानगी दिली, पण अट घालून: कोणाचाही पाय दुखावला तर सोमवारी गिऱ्हाइकाला फोन.

गाडी १९७३ ची, बुलेट ३५०. इंग्लंडमधल्या रेडिचच्या कंपनीशी करार होऊन १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली. पुढे इंग्लंडमधलं उत्पादन बंद पडलं, मद्रासचं मात्र चालू राहिलं. त्यामुळे ब्रिटिशांनी आखलेलं ते इंजिन आपल्याकडे अगदी या शतकापर्यंत तयार होत होतं. आबांनी ती सेकंडहँड घेतली. तेव्हा सुरतेहून साक्रीजवळच्या आमच्या गावी जायला ताप्ती लाइनची गाडी किंवा एसटी. आबा मात्र आखाजीला बुलेटवर जायचे. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट. मागे आजी, टाकीवर बाबा, आणि आजीच्या मांडीवर नानाकाका. आज चार जणांना असं बसवलं तर पोलीस सोडणार नाहीत, पण आमच्या घरातली निम्मी गोष्टींची पोतडी त्या रस्त्यावर भरलेली आहे. आबा आजही सांगतात की घाटात गाडीनं कधी दम टाकला नाही.

दम टाकायला लागली ती २००६ नंतर. त्या ऑगस्टचा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. जे तेव्हा लहान होते त्यांच्यासाठी सांगतो: उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. अडाजणला आमचा तळमजला पूर्ण पाण्यात होता. बुलेट त्या गाळाच्या पाण्यात तीन दिवस होती. पाणी ओसरल्यावर बाबांनी इंजिनचं तेल बदललं, कार्बोरेटर धुतला, प्लग, कॉइल, कंडेन्सर नवे घातले. गाडी चालू झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ती पूर्वीसारखी ओढेना. पुलावरसुद्धा तिसऱ्या गियरवर यावं लागायचं. सायलेन्सरचा पाइप इंजिनजवळ निळा पडायला लागला. बाबांनी एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या मिस्त्रींनी कान लावून ऐकलं, "टाइमिंग पाछळ छे," म्हणाले आणि ते थोडं पुढे केलं. गाडी लगेच ओढायला लागली. बाबा खूश. पंधरा दिवसांनी घोटा गेला.

आता हे "पुढे-मागे" म्हणजे काय, ते थोडं नीट सांगतो. तुमच्यापैकी बहुतेकांची गाडी बटणावर सुरू होते आणि ठिणगी कधी पाडायची ते एक चिप ठरवते. तुम्हाला याची कधी गरजच पडलेली नसते.

पिस्टन वर जाताना पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो. ते पेटवायला प्लगवर ठिणगी पडते. पण पेटलेलं मिश्रण एका क्षणात सगळं जळत नाही. ज्वाला सिलिंडरभर पसरायला वेळ लागतो, काही मिलिसेकंद का होईना. पिस्टन वरच्या टोकाला पोचून नुकता खाली वळलेला असावा, तेव्हा दाब सगळ्यात जास्त असायला हवा. म्हणून ठिणगी टोकाच्या थोडी आधीच पाडावी लागते. किती आधी? त्याचं उत्तर वेगावर ठरतं, आणि सगळी गोम तिथेच आहे.

किक मारतो तेव्हा इंजिन मिनिटाला फार तर तीनशे फेरे या वेगानं फिरतं. त्या वेगात क्रँकचे दहा अंश फिरायला साडेपाच मिलिसेकंद लागतात. तीच गाडी हायवेवर तीन हजार फेऱ्यांनी चालली की तेच दहा अंश अर्ध्या मिलिसेकंदात संपतात. ज्वालेला मात्र लागायचा तेवढा वेळ लागतोच. म्हणजे सुरू करताना ठिणगी टोकाच्या अगदी जवळ हवी आणि पळताना बरीच आधी; जुन्या इंजिनांत साधारण तीस-पस्तीस अंश आधी. पळतानाची ठिणगी किक मारताना पडली तर मिश्रण पिस्टन वर येतानाच पेटतं, पिस्टनला उलटं खाली ढकलतं, इंजिन उलटं फिरतं आणि किक तुमचा पाय घेऊन वर येते. आपल्याकडे याला "गाडी बॅक मारते" म्हणतात.

जुन्या काळी हँडलवर एक छोटी दांडी असायची. सुरू करताना मागे, पळताना पुढे, असं चालवणाऱ्यानंच करायचं. आबांच्या बुलेटमध्ये हे काम एक मुठीत मावेल एवढा सांगाडा करतो. पॉइंटच्या प्लेटमागे दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणारा कॅम थोडा पुढे सरकवतात. वेग उतरला की स्प्रिंगा त्यांना परत आत ओढतात.

रविवारी सकाळी भाचीनं उजव्या बाजूचं गोल झाकण काढलं, पॉइंटची प्लेट सोडवली आणि कॅम दोन बोटांत धरून पिळून पाहिला. तो थोडा फिरून स्प्रिंगनं परत यायला हवा होता. हललाच नाही. वजनांच्या खिळ्यांवर गंजाचा आणि वाळलेल्या गाळाचा थर होता. तापीचा गाळ, सतरा-अठरा वर्षांपूर्वीचा!

मी तिथेच जमिनीवर बसलो. पुरानंतर कोणीही ते झाकण पॉइंटच्या मागे उघडलंच नव्हतं. वजनं हलत नव्हती म्हणून ठिणगी पळतानाही उशिराच पडत होती, म्हणून गाडी ओढत नव्हती, म्हणून पाइप निळा पडत होता. मिस्त्रींनी ऐकलं ते खरंच होतं, टायमिंग मागेच होतं. पण त्यांनी सगळी प्लेटच पुढे फिरवली. पळताना ठीक, किकला घातक. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पंधरा दिवस आम्हीच त्यांचं कौतुक करत होतो.

सांगाडा बाहेर काढून रात्रभर केरोसीनमध्ये ठेवला (त्यामुळे एका रविवारचे दोन झाले). वजनं मोकळी झाली, स्प्रिंगा नव्या मिळाल्या. पण सांगाडा शाफ्टवरून निघाला की कॅमचं आणि पिस्टनचं जुनं नातं तुटतं. म्हणजे टायमिंग पहिल्यापासून लावायचं.

दुसऱ्या रविवारी उधन्याहून नानाकाका आले, येताना सगळ्यांसाठी लोचो घेऊन. (मुंबईच्या नातेवाइकांना अजून पटत नाही की सुरतेत लोचो खायचा असतो, करायचा नसतो.) नानाकाकांनी आयुष्यभर लूम दुरुस्त केले. मोटारसायकलचं आपल्याला काही कळत नाही, असं म्हणत ते खुर्ची टाकून बसले आणि तासाभरात सगळं काम त्यांनीच हातात घेतलं.

पहिलं पॉइंटचं अंतर. भाचीला थेट टायमिंगला हात घालायचा होता, आबांनी वरून गॅलरीतून ओरडून थांबवलं. "आधी ग्याप!" आबा शहाऐंशीचे आहेत, कानाला कमी येतं, पण कोण काय चुकतंय हे त्यांना वरून दिसतं. कारण साधं आहे: पॉइंटचं अंतर वाढलं की ते लवकर उघडतात, कमी झालं की उशिरा. म्हणजे आधी टायमिंग लावून मग अंतर नीट केलं, तर लावलेलं टायमिंग हललंच. शेजारचे काका हिऱ्याच्या कारखान्यात आहेत. त्यांचं दहा पटींचं भिंग मागून आणलं. त्यातून पॉइंटकडे पाहिलं तर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच डोंगर. बारीक पॉलिश पेपरनं दोन्ही सपाट केले, पुसले आणि कॅमच्या सर्वात उंच जागी फिलर गेजची पाती घालून ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या मध्ये अंतर बसवलं. पाती अडकायला नको आणि सैलही जायला नको. लोण्यातून सुरी काढतो तशी निघायला हवी, हे आबांचं माप.

मग पिस्टनचं वरचं टोक शोधायचं. हे दिसतं तितकं सोपं नाही. आबांच्या वेळी प्लगच्या भोकातून सायकलची तार घालून ती कधी वर चढायची थांबते ते बघत. पण बुलेटचं प्लगचं भोक तिरकं, आणि टोकाजवळ क्रँक बराच फिरला तरी पिस्टन जागचा हलत नाही. आबांच्या गाडीचं माप आहे वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर आधी. स्ट्रोक ९० मिलिमीटरचा. भाचीनं वहीवर गणित केलं: ०.८ म्हणजे साडेनऊ अंशांच्या आसपास. तारेनं मोजताना अर्ध्या मिलिमीटरचीही चूक झाली तर क्रँकवर तीन-चार अंश सहज इकडे-तिकडे होतात.

म्हणून तिनं वेगळी रीत काढली. तेल बदलायचंच होतं, त्यामुळे डावीकडचं चेनकेसचं झाकण उघडलं होतं. क्रँकच्या टोकावर एका जुन्या सीडीवर कंपासपेटीतला कोनमापक चिकटवून बसवला. जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढली, आत एक बोल्ट बसवला आणि तो प्लगच्या जागी लावला. आता पिस्टन टोकापर्यंत जाऊ शकत नाही, बोल्टला टेकतो. क्रँक हातानं हळू फिरवायचा, पिस्टन टेकला की आकडा लिहायचा. मग उलट्या दिशेनं फिरवायचा, पुन्हा टेकला की तिथला आकडा. दोन्हींचा मध्य म्हणजे पिस्टनचं खरं टोक. मी सायन्सचा नाही, पण हे पाहून माझ्या तोंडून "अरे वा" निघालंच. आबांनी वरून विचारलं, "तार कुठंय?" त्यांना सांगितलं की आता सीडीवर मोजतात. ते म्हणाले, सीडी लावून गाडी सुरू होणार असेल तर माझ्याकडे भजनांच्या आहेत.

टोक सापडलं तरी एक गोष्ट उरते. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो, आणि ठिणगी त्यातल्या एकदाच कामाची. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात ती वेळ. टॅपेटचं छोटं झाकण काढून दोन्ही पुशरॉड बोटांनी फिरवून पाहायचे. दोन्ही सुटे फिरले तर तीच वेळ.

इथे नानाकाका खुर्चीवरून उठले. "म्हणजे कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो?" हो म्हटल्यावर ते हसायलाच लागले. त्यांच्या लूममध्येही अगदी तसंच. क्रँक शाफ्टच्या दर फेऱ्याला फणी कापडावर आपटते. धोटा मारणारा कॅम खालच्या शाफ्टवर असतो आणि तो निम्म्या वेगानं फिरतो, कारण धोटा एकदा डावीकडून मारायचा, एकदा उजवीकडून. ताण्याचे दोरे फाकले की धोटा सुटायला हवा आणि दोरे मिटायच्या आत पलीकडे पोचायला हवा. लवकर सुटला तरी दोरे तोडतो, उशिरा सुटला तर मध्येच अडकतो. तीस-पस्तीस वर्षं नानाकाकांनी हेच केलं होतं, फक्त पेट्रोलशिवाय. लिंबायत-उधन्याच्या खोल्यांमधून आपल्या खानदेशच्या किती माणसांनी हे केलं असेल! घरी मात्र आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं की तुम्ही नेमकं काय करता.

त्यांनीच आमची चूकही पकडली. आम्ही साडेनऊ अंशांच्या खुणेच्या पुढे गेलो होतो, म्हणून क्रँक थोडा मागे घेऊन खुणेवर आणला. "मागे घेऊन कधी बसवायचं नाही," ते म्हणाले. "दात्यांमध्ये ढील असते. पुन्हा फेरा मार, चालायच्या दिशेनंच ये." तसं केलं तर पॉइंट उघडायची जागा तीन अंशांनी वेगळी निघाली.

बाकी काम पटकन झालं. क्रँक खुणेवर ठेवून कॅम उघडण्याच्या बेतात आणला आणि मधला बोल्ट आवळला. मग पॉइंटच्या तारेला सहा व्होल्टचा छोटा बल्ब जोडला, त्याची दुसरी तार इंजिनच्या धातूला. चावी चालू. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा करंट त्यांच्यातूनच जातो, बल्ब विझलेला. पॉइंट उघडले की बल्ब लागतो. कॉइलमधला करंट तुटतो तोच क्षण ठिणगीचा. प्लेट अगदी केसभर सरकवत, दर वेळी पूर्ण फेरा मारून, बल्ब बरोबर खुणेवर लागेपर्यंत सगळं पुन्हा पुन्हा केलं. बहुधा अकरा वेळा. शेवटच्या वेळी आबा जिना उतरून खाली आले. त्यांना बल्ब नको होता. हेडलाइटवरच्या अ‍ॅमिटरकडे बोट दाखवून म्हणाले, "हे काय फुकट दिलंय का?" पाहिलं तर खरंच, पॉइंट मिटले की काटा उणेकडे झुकत होता, उघडले की मध्यावर येत होता. बल्ब आणि काटा एकाच वेळी.

किक कोणी मारायची यावर पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग मीच चप्पल काढून बूट घातले. आबांनी सांगितलं तसं केलं: किकनं हळूच दाब शोधायचा, डिकॉम्प्रेसरची दांडी ओढून थोडं पुढे सरकवायचं, दांडी सोडायची, किक पुन्हा वर आणायची आणि मग मध्ये न अडखळता खालपर्यंत. आई स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. पहिल्या किकला काही नाही. दुसऱ्याला खोकला. तिसऱ्याला गाडी लागली, आणि ती ठक् ठक् ठक् अशी सावकाश चालायला लागली, शेजारचे काका भिंग मागायला आले होते ते तिथेच उभे राहिले. किक जागच्या जागी होती.

तरी खरी परीक्षा पार्किंगमध्ये होत नाही. ती चढावर, टॉप गियरमध्ये, थ्रॉटल उघडून होते. टायमिंग जास्त पुढे असेल तर डब्यात खडे हलवल्यासारखा टिणटिण आवाज येतो. मागे असेल तर गाडी ओढत नाही आणि तापते. यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी मी आणि भाची पहाटे निघालो. नवापूरच्या पुढे ऊन चढलं होतं. कोंडाईबारीच्या चढावर मी थ्रॉटल पूर्ण उघडला आणि दोघंही कान देऊन बसलो. एका वळणावर अगदी पुसट टिणटिण आली. घाट चढून गेल्यावर एका झाडाखाली इंजिन गार होऊ दिलं, झाकण काढलं आणि भाचीनं प्लेट कॅम फिरतो त्या दिशेला अगदी किंचित सरकवली, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा. परत खाली येऊन तेच वळण पुन्हा घेतलं. आवाज नव्हता.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी गाडी असेल आणि ती पन्नास वर्षांची झाली असेल, तर एक माहिती उपयोगी पडेल. २०२१ पासून केंद्र सरकारच्या नियमांत पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी "व्हिंटेज" म्हणून वेगळी नोंदणी आहे. नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात आणि नोंदणी दहा वर्षांची असते. पण अशी गाडी रोज रस्त्यावर वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच. आम्ही आबांना विचारलं. ते म्हणाले, मग गावाला कशानं जायचं? साधीच नोंदणी ठेवली आणि नूतनीकरणासाठी आरटीओत चकरा मारल्या.

आणि हो, दुकानात आता पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं किट मिळतं. पॉइंट झिजत नाहीत, अंतर बघावं लागत नाही. बसवायला हरकत नाही, भाचीचंही तेच मत आहे. तूर्त तरी दर दोन महिन्यांनी रविवारी ती येते, नानाकाका येतात आणि गोल झाकण उघडून फिलर गेज घालून बघतात. कॅमवर फिरणारा पॉइंटचा फायबरचा तुकडा नवा आहे, सुरुवातीला लवकर झिजतो, अंतर कमी होतं आणि टायमिंग आपोआप मागे पडतं. मागच्या वेळी ०.३० वर आलं होतं.

बाबांनी अजून किक मारलेली नाही. मागे मात्र बसतात. गिऱ्हाइकाला त्यांनी स्वतःच फोन करून नाही सांगितलं.